वर्गणी भरलेली आहे, तरी विद्यार्थ्याने पुस्तक विकत का घ्यावे? कुलगुरू, विद्या परिषद आणि अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य
आणि सर्व अभ्यास मंडळांचे अध्यक्ष

विषय : पदवीच्या विषयांसाठी पुस्तके सुचवताना ग्रंथालयांच्या वर्गणीतून उपलब्ध असलेली साधने विचारात घेण्याबाबत.

महोदय, महोदया,

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेले पदवीच्या पुढील वर्षाचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाले आहेत. प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमाखाली नेहमीप्रमाणे संदर्भग्रंथांची यादी आहे. यादीतील एकाही पुस्तकापुढे ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयामार्फत विद्यार्थ्याला विनामूल्य वाचता येईल किंवा नाही, याची नोंद नाही. आपल्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, तालुक्याच्या गावातील एका अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. ही नोंद व्हावी, अशी विनंती माझ्यासारख्या काही ग्रंथपालांनी यापूर्वी लेखी केली होती. तिला उत्तर आले नाही आणि नव्या याद्याही जुन्याच रीतीने निघाल्या, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ते आपल्याला उद्देशून असले तरी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही वाचावे, अशी माझी इच्छा आहे, कारण ज्या पैशांविषयी मी बोलणार आहे ते बहुतांशी त्यांचेच आहेत.

संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. मुख्य विषय, त्याच्या जोडीचा गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, भाषा अशा लहानमोठ्या भागांत विभागलेले २० ते २२ श्रेयांक (क्रेडिट) विद्यार्थ्याला एका सत्रात पूर्ण करावे लागतात. दोन श्रेयांकांचा, म्हणजे जेमतेम तीस तासांचा विषय असला तरी त्याचे स्वतंत्र पुस्तक बाजारात येते आणि वर्गात तेच घ्यायला सांगितले जाते. जुना अभ्यासक्रम बाद झाल्यामुळे मोठ्या भावंडाचे पुस्तक वापरण्याची किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून अर्ध्या किमतीत घेण्याची सोयही या संक्रमणात संपली. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केले. तो निर्णय चांगलाच आहे. मात्र पुस्तकांचा खर्च अशा शुल्कमाफीत येत नाही आणि आमच्याकडील कला, वाणिज्य, विज्ञानाचे बहुसंख्य विद्यार्थी तर त्या निर्णयाच्या कक्षेतही नाहीत.

पुस्तके परवडत नाहीत म्हणून मुले शिक्षण सोडतात, असे मी म्हणणार नाही. तसे घडताना मी पाहिलेले नाही. जे घडते ते अधिक साधे आहे आणि म्हणूनच त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. विद्यार्थी पुस्तक घेतच नाही. सत्र संपत आले की तो कोणाच्या तरी गाईडची झेरॉक्स काढतो, तेवढ्यावर परीक्षा देतो आणि उत्तीर्णही होतो. तीन वर्षांत आपल्या विषयातले एकही पूर्ण पुस्तक न वाचता पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी मला ‘नो ड्यूज’च्या शिक्क्यासाठी भेटतात, तेव्हा त्यांच्या ग्रंथालय खात्यावर देणे काहीच नसते, कारण त्यांनी कधी काही नेलेलेच नसते.

हाच विद्यार्थी प्रवेश घेताना ग्रंथालय शुल्क भरतो. अनुदानित महाविद्यालये, ग्रंथालयांना ई-साधने पुरवणाऱ्या इन्फ्लिबनेट या गांधीनगरच्या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेची वर्गणी भरतात. २०१० साली सुरू झालेल्या या योजनेतून सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि दोन लाखांच्या घरात ई-पुस्तके महाविद्यालयांना मिळत आली आहेत. त्यांत ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांच्या प्रकाशनांची, स्प्रिंगर, सेज, टेलर अँड फ्रान्सिस यांची पुस्तके आहेत, गणितासाठी हिंदुस्थान बुक एजन्सीचा संच आहे आणि सामाजिक शास्त्रांसाठी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ आहे. आमचे महाविद्यालय यासाठी वर्षाला पाच हजार रुपये आणि त्यावरील कर भरत आले आहे. शिक्षकांच्या खोलीतील चहाचे बिलही वर्षाकाठी याहून जास्त होत असावे. त्यापुढची मोठी पायरी म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजार तीनशेहून अधिक शासकीय संस्था, असा तिचा आवाका आहे. ही योजना प्रामुख्याने संशोधकांच्या उपयोगाची आहे, पाठ्यपुस्तकांची उणीव ती भरून काढणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही एवढा सार्वजनिक पैसा वाचनसाहित्यावर खर्च होत असताना पदवीच्या अभ्यासक्रमाच्या कागदावर त्यातील एका ओळीचाही उल्लेख असू नये, हे मला पटत नाही.

आता तक्रारी. त्यांतली पहिली आणि सर्वांत मोठी अभ्यास मंडळांबद्दल आहे. पुस्तकांची शिफारस करणे हे मंडळाचे काम असून यादी तयार होत असताना त्या बैठकीत ग्रंथपाल नसतो. परिणामी याद्या कशा निघतात, हे आपण एकदा स्वतः पाहावे. अनेक ठिकाणी फक्त लेखकाचे आडनाव आणि पुस्तकाचे अर्धे नाव असते. प्रकाशक, वर्ष, आवृत्ती यांपैकी काहीच नसते. काही पुस्तके छपाईतून कधीच गेलेली आहेत. काही नावे मागच्या अभ्यासक्रमातून जशीच्या तशी, शुद्धलेखनाच्या चुकांसह, उचललेली दिसतात. अशी यादी हातात घेऊन एन-लिस्टमध्ये शोध घेणे म्हणजे पत्ता नसलेले पत्र पोचवण्यासारखे आहे. आमच्या महाविद्यालयापुरती मी अर्थशास्त्र आणि गणित या दोन विषयांची जुळणी करून पाहिली. गणितात चित्र पुष्कळ आशादायक निघाले. यादीतील नेमके पुस्तक नसले तरी वास्तव विश्लेषण आणि बीजगणित यांचे तेच घटक त्याच पातळीवर शिकवणारी पुस्तके वर्गणीत होती आणि शिक्षकांनी ती पाहून मान्य केली. अर्थशास्त्रात एका पुस्तकाऐवजी प्रकरणे जोडावी लागली. भारतीय अर्थव्यवस्थेच्या पेपरसाठी वर्गणीतील पुस्तकांची काही प्रकरणे, ‘वीकली’तील निवडक लेख, रिझर्व्ह बँकेची संकेतस्थळावर खुली असलेली सांख्यिकी पुस्तिका आणि राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ असा संच झाला. ही पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर मराठीतून प्रसिद्ध होते, तिला एक पैसा पडत नाही आणि तिच्यातील आकडे बाजारातील गाईडमधल्या आकड्यांहून हमखास ताजे असतात. असे असूनही राज्याच्या अर्थव्यवस्थेवरच्या पेपरच्या यादीत तिचे नाव मला आढळले नाही.

वाणिज्य शाखेत मात्र ही युक्ती चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. लेखाकर्म, करप्रणाली, व्यापारी कायदा यांची विद्यार्थ्यांत सर्वाधिक खपणारी पुस्तके ग्रंथालयांच्या ई-वर्गणीत सहसा मिळत नाहीत. ज्या पुस्तकाच्या प्रती विद्यार्थी वैयक्तिकरीत्या घेणारच आहेत, ते सर्वांना एकाच वेळी वाचता येईल अशा परवान्यावर ग्रंथालयाला देण्यात प्रकाशकाचा तोटा असतो. त्याबद्दल प्रकाशकाला दोष देता येत नाही. पण अशा विषयांसाठी विद्यापीठाने वेगळी तरतूद करायला हवी होती, ती झालेली नाही.

दुसरी तक्रार नाजूक आहे आणि ती कोणा एका व्यक्तीविरुद्ध नाही. काही याद्यांत अग्रभागी असलेले पुस्तक त्याच मंडळाच्या सदस्याने लिहिलेले किंवा संपादित केलेले असते. विषयाच्या जाणकाराने पुस्तक लिहावे आणि ते चांगले असेल तर नेमलेही जावे, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या संबंधाची नोंद इतिवृत्तात किंवा यादीत कुठेही नसण्याला, आणि तेवढाच मजकूर देणारे विनामूल्य साधन हाताशी असूनही त्याचा विचार न होण्याला.

तिसरी गोष्ट परीक्षेची. मी एखाद्या विद्यार्थिनीला ई-पुस्तक उघडून दिले तर तिचा पहिला प्रश्न असतो, ‘सर, यातून पेपरला येतं का?’ तिचा प्रश्न बरोबर आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या हाती जर एकच पुस्तक असेल आणि त्यातील उपशीर्षकेच प्रश्न म्हणून येत असतील, तर बाकीचे साहित्य फुकट असून उपयोग काय? दोनशे रुपयांचे गाईड परीक्षेच्या दृष्टीने त्या मुलीला स्वस्तच पडते. ग्रंथालय कितीही सुधारले तरी परीक्षा विभाग सोबत आल्याशिवाय या एका प्रश्नाचे उत्तर मी तिला देऊ शकत नाही.

चौथी तक्रार महाविद्यालयांबद्दल आहे आणि तीत माझ्या स्वतःच्या खात्याचाही वाटा आहे. एन-लिस्टची वर्गणी बऱ्याच ठिकाणी भरली जाते ती नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठी. मूल्यांकनाच्या नमुन्यात ई-साधनांची वर्गणी आणि ती घरबसल्या वापरण्याची सोय यांविषयी माहिती द्यावी लागते; पावती जोडली की तो रकाना भरतो. प्रत्यक्षात विद्यार्थ्याचे खाते उघडायचे तर त्याचा चालू ई-मेल लागतो, आणि आमच्याकडे प्रवेश अर्जावर असलेला ई-मेल पुष्कळदा अर्ज भरून देणाऱ्या नेट कॅफेवाल्याने त्या क्षणी तयार केलेला असतो, ज्याचा पासवर्ड विद्यार्थ्याला ठाऊकच नसतो. पासवर्डचा मेल तिथे जाऊन पडतो आणि प्रकरण संपते. कित्येक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद रिक्त आहे आणि देवघेव विभाग एखादा परिचर सांभाळतो. तिथे ही खाती कोण उघडणार? शिक्षक मंडळीही मदत करण्याच्या हेतूने कधी कधी अडचण वाढवतात. ई-पुस्तकाचे अख्खे पीडीएफ उतरवून वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले जाते. त्यात परवान्याचा भंग होतो, एकगठ्ठा डाउनलोड दिसला की प्रकाशक संपूर्ण संस्थेचा प्रवेश थांबवू शकतो आणि विद्यार्थ्यांचे वाचन वापराच्या आकडेवारीत येत नाही. मग वर्षाअखेरीस महाविद्यालय विकास समितीत कोणीतरी तोच अहवाल समोर ठेवून विचारते, की वापर इतका कमी असेल तर वर्गणी चालू का ठेवायची? पीडीएफऐवजी त्या प्रकरणाचा दुवा पाठवला, तर या तिन्ही गोष्टी टळतात.

मोबाईलवर पुस्तक वाचवत नाही, गावात रेंज नसते, हे आक्षेप मला प्राचार्यांकडून नेहमी ऐकू येतात आणि ते खोटे नाहीत. परंतु बहुतेक परवाने वैयक्तिक अभ्यासासाठी मर्यादित पाने छापण्याची मुभा देतात. एक प्रकरण ग्रंथालयात छापून घ्यायला लागणारे पैसे आणि पूर्ण पुस्तकाची किंमत यांत मोठे अंतर आहे.

छापील उताऱ्यांविषयी महाविद्यालयांच्या मनात कायद्याची जी भीती आहे, ती दूर करणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. पुस्तकांतील नेमलेली प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना दिली जात होती, हा त्यातला आक्षेप होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सप्टेंबर २०१६ मध्ये हा दावा फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने, नेमलेला मजकूर अध्यापनासाठी खरोखर आवश्यक होता का ही तपासणी पुन्हा एकल पीठाकडे सोपवली, परंतु अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(आय) चे संरक्षण आहे, ही भूमिका कायम ठेवली. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. या निर्णयाला इतकी वर्षे होऊनही आपल्या विद्यापीठाचे या विषयावर एकही परिपत्रक नाही. त्यामुळे एखादे महाविद्यालय सरसकट अख्खी पुस्तके झेरॉक्स करू देते, जे निश्चितच गैर आहे, आणि शेजारचे महाविद्यालय भीतीने एक प्रकरणही काढू देत नाही.

शेवटची तक्रार मराठीची. वर्गणीतील ही सारी संपत्ती जवळजवळ पूर्णपणे इंग्रजीत आहे, आणि माझ्या महाविद्यालयातील कला शाखेचे बहुतेक विद्यार्थी मराठीतून उत्तरपत्रिका लिहितात. त्यांना इंग्रजी ई-पुस्तकाचा दुवा देऊन आपण जबाबदारीतून मोकळे झालो, असे मानणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी प्रकाशने शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके तयार केली आहेत, आणि मुंबई व शिवाजी विद्यापीठांच्या दूरशिक्षण विभागांनीही अध्ययन साहित्य काढले आहे. एकेकाळी नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने विज्ञानापासून तत्त्वज्ञानापर्यंत विद्यापीठीय पातळीची पुस्तके मराठीत आणली होती. त्यांच्या प्रती आज आमच्या संदर्भ विभागात पिवळ्या पडत आहेत आणि नव्याने त्या कुठे मिळत नाहीत. हे साहित्य कोणत्या पेपरच्या कोणत्या घटकाला लागू पडते, हे सांगणारी एकही अधिकृत सूची नाही. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याची अडचण तर आणखी वेगळी आहे. त्याच्यासाठी नेमलेली कादंबरी, नाटक किंवा कवितासंग्रह कोणत्याही वर्गणीत नसतो आणि ग्रंथालयात त्याच्या जेमतेम दोन-तीन प्रती असतात.

या पार्श्वभूमीवर माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. कोणत्याही पेपरची पुस्तकसूची विद्या परिषदेपुढे जाण्यापूर्वी विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्राकडून, म्हणजे मध्यवर्ती ग्रंथालयाकडून, तपासून घ्यावी आणि प्रत्येक पुस्तकापुढे ‘वर्गणीतून उपलब्ध’, ‘खुले उपलब्ध’ किंवा ‘विकत घ्यावे लागेल’ असा शेरा छापावा. तिसऱ्या प्रकारात किंमतही द्यावी. ही अपेक्षा अवास्तव नाही. अमेरिकेत २००८ च्या उच्च शिक्षणविषयक कायद्याने विषयांच्या वेळापत्रकासोबतच आवश्यक पुस्तकांचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि किंमत जाहीर करण्याचे बंधन महाविद्यालयांवर घातले आहे, आणि तेथील अनेक विद्यापीठांची ग्रंथालये सत्रापूर्वी ही यादी आपल्या ई-संग्रहाशी ताडून विनामूल्य मिळणारी पुस्तके विद्यार्थ्यांना कळवतात.

२. प्रत्येक अभ्यास मंडळाच्या सूचीविषयक बैठकीला संलग्न महाविद्यालयांतील किमान एका ग्रंथपालास निमंत्रित करावे.

३. सूचीत मंडळाच्या सदस्याचे पुस्तक असल्यास तशी नोंद सूचीतच करावी, आणि तो विषय चर्चेस असताना त्या सदस्याने निर्णयात भाग घेऊ नये.

४. दोन श्रेयांकांच्या सर्व विषयांसाठी विकत घेण्याचे पुस्तक सक्तीचे नसावे. या विषयांचे संपूर्ण वाचनसाहित्य वर्गणीतील आणि खुल्या साधनांतूनच निश्चित करावे. सुरुवात करायला हीच जागा सर्वांत सोपी आहे.

५. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना ही सूची परीक्षा विभागामार्फत पाठवावी, आणि सूचीतील कोणत्याही साधनाच्या आधारे लिहिलेले योग्य उत्तर ग्राह्य धरावे, असे लेखी कळवावे.

६. अध्यापनासाठी उतारे छापण्याच्या मर्यादा सांगणारे परिपत्रक विद्यापीठाच्या विधी विभागाने काढावे. त्यात काय करता येते याइतकेच काय करता येणार नाही, हेही स्पष्ट असावे.

७. मराठी माध्यमासाठी घटकनिहाय खुली सूची तयार करण्याचे काम विषयवार शिक्षकांच्या गटांना मानधनासह द्यावे. मराठी साहित्याच्या नेमलेल्या पुस्तकांसाठी, तसेच वाणिज्य शाखेच्या मुख्य पाठ्यपुस्तकांसाठी विद्यापीठाने सर्व संलग्न महाविद्यालयांच्या वतीने प्रकाशकांशी एकत्रित बोलणी करावीत. एकटे महाविद्यालय गेले तर प्रकाशक दारात उभे करत नाही. शेकडो महाविद्यालयांची मागणी घेऊन विद्यापीठ गेले तर परवान्याचा दर आणि अटी यांवर बोलता येते. तोवर प्रत्येक नेमलेल्या पुस्तकाच्या पुरेशा प्रती वाचनकक्षात राखीव ठेवणे महाविद्यालयांना बंधनकारक करावे.

८. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याला महाविद्यालयाचा ई-मेल आणि ई-साधनांचे खाते मिळावे, आणि ग्रंथपालांच्या रिक्त पदांविषयी विद्यापीठाने शासनाकडे आपली भूमिका लेखी मांडावी.

यांपैकी पहिल्या सहा मागण्यांना नवा निधी लागत नाही. सातवीला लागेल, आणि तो विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात दाखवता येण्याजोगा आहे. आठवीचा निम्मा भाग महाविद्यालयांच्या हातातला आहे. आमच्या प्राचार्यांना मी तशी टिपणी सादर केली आहे. विद्या परिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि नव्या सत्राचे वर्ग सुरू होण्यापूर्वी निदान पहिल्या आणि चौथ्या मागणीवर निर्णय जाहीर करावा, ही विनंती. अर्थशास्त्र आणि गणित या विषयांच्या जुळणीचे तक्ते या पत्राच्या प्रतीसह विद्यापीठाच्या आवक विभागात दिले असून त्याची पोच माझ्याकडे आहे. अन्य विषयांची जुळणी करण्यास आम्ही काही ग्रंथपाल विनामोबदला तयार आहोत. त्यासाठी मंडळांकडून प्रकाशक आणि आवृत्ती यांसह पूर्ण भरलेल्या याद्या तेवढ्या मिळाव्यात.

आपला विश्वासू,
संलग्न महाविद्यालयातील एक ग्रंथपाल